तीन छेद सहा बरोबर शून्य

रा. रा. उत्तरसूचीकार साहेब यांस,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उच्च प्राथमिक शाळेच्या गणित शिक्षकाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही. आपण बनवलेल्या ऑनलाइन चाचणीवर ते कुठेही छापलेलं नाही. नाव न घालता काम करून जाणाऱ्यांत वेरूळची लेणी कोरणारे आहेत आणि आपण आहात. तरी आपल्या कामाची ख्याती आमच्या सहावीच्या वर्गापर्यंत पोचली, म्हणून हे पत्र.

प्रश्न आपल्याला आठवत असेलच: १/६ + १/३ = ? मोबाइलच्या पडद्यावर एक रिकामी चौकट आणि खाली ‘सबमिट’चं बटण. एका पोरानं पुस्तकात दिल्याप्रमाणे छेद समान केले, १/६ अधिक २/६, आणि चौकटीत ३/६ भरलं. लाल फुली. गुण शून्य. वर आपल्यातर्फे प्रेमाचा उपदेश: ‘पुन्हा प्रयत्न करा, गणित सोपं आहे!’ पुन्हा प्रयत्न करायची सोय तेवढी आपण ठेवली नव्हती. एकदा सबमिट झालं की चौकट बंद.

पोरगं बापाचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आलं. ‘सर, तीन छेद सहा म्हंजे अर्धंच न?’ म्हटलं, हो. ‘मंग फुली काहून?’

हा ‘काहून’ मी आपल्याकडे पाठवतो आहे.

त्याच बाकावरच्या दुसऱ्या पोराचीही हकिकत ऐका. त्यानं वरचं वर मिळवलं, खालचं खाली मिळवलं आणि उत्तर लिहिलं २/९. अपूर्णांक शिकवणाऱ्या प्रत्येकानं ही चूक हजारदा पाहिलेली असते. एक तृतीयांशात काहीतरी मिळवलं आणि बेरीज एक तृतीयांशाहून लहान आली, याचं त्या पोराला काहीच वाटलं नाही. त्याला अपूर्णांक म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगावं लागणार आहे. आपण त्यालाही फुली दिली, ती योग्यच. पण माझ्याकडे आपला जो रंगीत अहवाल आला, त्यात ही दोन्ही पोरं एकाच ओळीत, एकाच लाल रंगात उभी: ‘अपूर्णांकांची बेरीज – क्षमता अप्राप्त’. एकाला बेरीज येते आणि शेवटचा एक भागाकार राहिला आहे. दुसऱ्याला बेरीजच येत नाही. हा फरक मला सांगावा, एवढ्याचसाठी तर आपली चाचणी होती. वहीत हेच ३/६ आलं असतं तर मी शेजारी लाल पेनानं ‘= १/२’ लिहिलं असतं, फार तर अर्धा गुण कापला असता आणि पोरगं पुढच्या गणिताला लागलं असतं. या अर्ध्या गुणाला आपल्या राज्यात जागा नाही. आपल्याकडे एक किंवा शून्य. अपूर्णांकांच्या चाचणीत गुणांना मात्र अपूर्णांकांची बंदी, ही सुद्धा एक शिस्तच म्हणायची.

आपला तपासनीस पोटातून कसा चालतो, हे मी एका जाणकाराकडून समजून घेतलं. ऐकल्यावर आपल्याबद्दलचा आदर दुणावला. तो अपूर्णांक तपासतच नाही! उत्तरसूचीत आपण तीन चिन्हं ठेवली आहेत: एक, तिरपी रेघ, दोन. पोरानं भरलेली चिन्हं त्यांच्याशी एकामागून एक जुळली तर बरोबर, नाहीतर चूक. अंश, छेद, किंमत यांच्याशी त्याचा दुरूनही संबंध नाही. ३/६ आणि १/२ यांत त्याला साम्य दिसत असेल तर ते मधल्या रेघेपुरतं. म्हणजे आपण गणिताची परीक्षा घेतलीच नाही, शुद्धलेखनाची घेतली.

आता आपण म्हणाल, आम्हाला अतिसंक्षिप्त रूप हवं होतं. साहेब, मलाही हवं असतं. अंश-छेदांत सामाईक विभाजक ठेवून उत्तर सोडून देणं मला आवडत नाही. पोराला मसावि कळला का, हे तिथेच दिसतं. पण मग प्रश्नात तसं लिहायचं होतं. आपल्या प्रश्नाखाली फक्त ‘उत्तर लिहा’ होतं. मागितलं उत्तर, तपासलं रूप, आणि रूप पसंत पडलं नाही म्हणून उत्तर नाकारलं. आमच्याकडे मुलगी पाहायला येणारे काही पाहुणे असंच करतात, पण ते निदान चहा-पोहे झाल्यावर कळवतात.

शिवाय संक्षिप्त रूप म्हणजेच सत्य, ही श्रद्धा आपण कुठून आणलीत कोण जाणे. आमच्या जिल्ह्यात पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की गावाला दुष्काळाच्या सवलती लागू होण्याचा प्रश्न येतो. ते पन्नास पैसे म्हणजे पन्नास छेद शंभर. कलेक्टर कचेरीत त्याचं ‘एक छेद दोन’ करून आणा म्हणून कोणी कागद परत पाठवल्याचं मी ऐकलं नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. जमिनीचा ‘आठ आणे हिस्सा’ म्हणजे सोळापैकी आठ, आणि तो आठ आणेच म्हणायचा. कारण शेजारच्या भावाचा पाच आणे आणि तिसऱ्याचा तीन आणे असेल, तर तिघांचे सोळा आणे जुळतात की नाही हे कोणालाही बोटांवर मोजता येतं. त्याचं १/२, ५/१६, ३/१६ करून पाहा, बांधावरच भांडण लागेल. दोन फासे टाकल्यावर बेरीज सात येण्याची संभाव्यता मी ६/३६ अशीच आधी लिहून घेतो, कारण ते ३६ पाहिल्याशिवाय एकूण शक्यता किती, हे पोराच्या डोक्यात बसत नाही. १/६ नंतर. रूप कोणतं हवं हे काम ठरवतं. ज्याला काम ठाऊक नाही त्यानं निदान विचारावं.

बरं, आपला हट्ट तरी एकसारखा असावा! तो पहिला मार खाल्ल्यावर ते ३/६ वालं पोरगं शहाणं झालं. आपल्याच सराव संचात, जिथे प्रत्येक मुलाला वेगवेगळे आकडे पडतात, तिथे त्याला १/४ + १/६ आलं. यानं ३/१२ अधिक २/१२ केलं, उत्तर ५/१२. अतिसंक्षिप्त आहे ना, म्हणून दोनदा तपासलं. सबमिट. लाल फुली! खाली आपल्या हस्ते खुलासा: ‘योग्य उत्तर: १०/२४’.

मी तो पडदा बराच वेळ पाहत बसलो. मग उमगलं. तिथे उत्तरसूची माणसानं लिहिलेली नाही. आकडे यंत्र निवडतं आणि उत्तरही यंत्रच बनवतं: पहिला अंश गुणिले दुसरा छेद, अधिक दुसरा अंश गुणिले पहिला छेद, खाली दोन्ही छेदांचा गुणाकार. एक गुणिले सहा, अधिक एक गुणिले चार, दहा. चार सहा चोवीस. सूत्र अचूक आहे. फक्त मसाविनं भागायचं राहिलं. म्हणजे पोरांना ज्या गुन्ह्यासाठी आपण शून्य दिलं, तोच गुन्हा आपल्या उत्तरसूचीनं केला आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन गेली. एका खोलीत संक्षिप्त न केल्याबद्दल शिक्षा आणि शेजारच्या खोलीत केल्याबद्दल. पोरांनी यातून काय शिकावं, हे आपणच एखाद्या व्हिडिओतून समजावून सांगावं.

इथे मला आपल्या-माझ्या एका पूर्वजाची आठवण येते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ सांगितली, तीत अपूर्णांकांचे छेद समान करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सरळ: एकाचा छेद दुसऱ्याच्या अंश-छेदांना लावून गुणा. दुसरी: आधी दोन्ही छेदांना सामाईक विभाजकानं भागून घ्या आणि मग त्या लहान झालेल्या छेदांनी गुणा, बुद्धिमान माणूस असं करतो, असं आचार्य म्हणतात. आपलं १/४ + १/६ पहिल्या रीतीनं केलं तर १०/२४ येतं, दुसरीनं ५/१२. आचार्यांनी पहिली रीत करणाऱ्याला नापास केलं नाही. दुसरी करणाऱ्याला शाबासकी दिली, इतकंच. साडेआठशेहून अधिक वर्षांनी आपण त्यात सुधारणा केलीत: एका चाचणीत दोन्हींना शून्य, दुसऱ्या चाचणीत दुसरीला शून्य, बुद्धिमानांची सोय कुठेच नाही.

त्याच ग्रंथात एका कंजूष माणसाचं गणित आहे. त्यानं याचकाला एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक सोळांशाचा एक चतुर्थांश दिला; तर किती कवड्या दिल्या? नुसते गुणाकार केले तर ६/७६८० येतं. ते आधी मांडायचं, मग सहानं अपवर्तन करायचं: १/१२८०. द्रम्माचे सोळा पण, पणाच्या चार काकिणी, काकिणीच्या वीस कवड्या, म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. दान झालं एक कवडी. इथे संक्षिप्त करण्याचं कारण गणितातच दिसतं, कारण ६/७६८० वरून कवडी डोळ्यांना दिसत नाही आणि १/१२८० वरून लगेच दिसते. आमच्या पोरांना हे गणित मी घालतो आणि ती हसतात. तो कंजूष आपल्याला परका वाटणार नाही. त्यानं निदान एक कवडी सोडली होती. आपण ३/६ ला तेवढीही सोडली नाहीत.

चिन्हं जुळवण्याच्या आपल्या छंदाचे आणखी प्रताप आहेत. आमच्या शाळेतली पोरं देवनागरी आकडे लिहायला शिकतात. घरी कोणी गोरमाटी बोलतं, कोणी कोलामी, कोणी गोंडी; मराठी ही त्यांची शाळेची भाषा आणि मोबाइलचा कीबोर्ड त्यांनी हौसेनं मराठीवर लावलेला. एका मुलीनं १/२ हे नीटनेटकं, संक्षिप्त, बिनचूक उत्तर देवनागरी आकड्यांत भरलं. फुली. आपल्या सूचीत इंग्रजी आकडे आणि संगणकाच्या लेखी देवनागरी एक आणि इंग्रजी एक ही दोन निराळी चिन्हं. प्रश्न मराठीत, सूचना मराठीत, उपदेश मराठीत. मराठीला बंदी फक्त उत्तरात! दुसऱ्याच्या कीबोर्डनं आपणहून एक, रेघ आणि दोन मिळून अर्ध्याचं एकच चिमुकलं चिन्ह करून टाकलं. फुली. एकानं रेघेच्या आधी चुकून मोकळी जागा सोडली. फुली. वजा चिन्हाच्या तर दोन जाती आहेत, कीबोर्डवरची आखूड रेघ आणि छापील पुस्तकातली लांब. ती कथा मी सांगत नाही, आपलं हृदय भरून येईल.

मोकळ्या जागांबद्दल कोणीतरी आपल्याला लिहिलं असावं, कारण नंतर आपण त्या सरसकट गिळायला लागलात. आता पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं काय होतं ते पाहा. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे आमची, बंद पडली तरी लाडकी. तिच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. पोरगं लिहील दोन, मोकळी जागा, एक छेद दोन. आपण मोकळी जागा गिळणार, उरेल एकवीस छेद दोन. साडेदहा फूट! देशातली ब्रॉडगेजसुद्धा साडेपाच फुटांची. शकुंतलेच्या रुंदीकरणासाठी आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली. काम आपण एका स्पेसबारनं करून टाकलंत, तेही ब्रॉडगेजच्या जवळजवळ दुप्पट. रेल्वे मंत्रालयानं आपल्याला बोलावून घ्यावं, अशी मी शिफारस करतो.

आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनची. बाजारात बसून ‘सात औटे साडेचोवीस’ म्हणणाऱ्या माणसाला अंशही ठाऊक नसे आणि छेदही, पण त्याला अर्धं कशाला म्हणतात हे आपल्या तपासनिसापेक्षा नक्कीच जास्त कळत होतं. असो.

एका प्रश्नात मात्र आपली उत्तरसूची आणि आमची पोरं यांचं पहिल्यांदाच एकमत झालं: १/३ + १/४. तीन आणि चारला एक सोडून सामाईक विभाजक नाही, त्यामुळे आपल्या सूत्रानंही उत्तर आपोआप अतिसंक्षिप्त आलं, ७/१२. वर्गात जल्लोष. ‘सर, सातबारा आला!’ शेतकऱ्यांची पोरं. गाव नमुना सात आणि बारा त्यांना अपूर्णांकांच्या आधीपासून ठाऊक. मी खुशीत आपली उत्तरांची फाइल एक्सेलमध्ये उघडली. तिथे प्रत्येक सातबाऱ्याच्या जागी ‘०७-डिसेंबर’. एक्सेलला तिरपी रेघ दिसली की ती तारीख वाटते: १/२ ची १ फेब्रुवारी, ३/४ ची ३ एप्रिल. त्या रकान्याला आधीच ‘मजकूर’ म्हणून ठेवलं तर हे टळतं, पण ते ठेवायचं कोणी? आमच्याकडे सातबारा मागायला गेलं की तारीख मिळते, हा अनुभव जुना आहे. तो आपण संगणकीकृत केलात. या एक्सेलनं मोठमोठ्यांना वाकवलं आहे, हेही सांगतो. ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशा लघुनावांची माणसाची जनुकं त्यात तारखा होऊ लागली, तेव्हा जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये शेवटी जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. आम्ही ३/४ चं नाव काय बदलणार?

मग आपली सुधारित आवृत्ती आली. तक्रारींनी आपलं मन द्रवलं आणि आपण दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात. आता तपासनीस पोराचं उत्तर दशांशात बदलतो आणि उत्तरसूचीच्या दशांशाशी ताडून पाहतो. ३/६ चालतं, ०.५ चालतं, सगळं चालतं. पुढचा प्रश्न: ‘१२/१८ चे अतिसंक्षिप्त रूप लिहा.’ आमच्या एका हुशार मुलीनं चौकटीत १२/१८ लिहिलं. हिरवी खूण! ‘शाब्बास!’ प्रश्न तिनं जसाच्या तसा आपल्याला परत केला आणि आपण तो उत्तर म्हणून स्वीकारलात. ही बातमी गावात पसरायला मधली सुट्टीसुद्धा लागली नाही. शिवाय दशांशात एक तृतीयांश संपतच नाही, म्हणून आपण ‘एक शतांशापर्यंतचा फरक चालेल’ अशी सवलत ठेवलीत. त्या सवलतीत १७/५० हे एक तृतीयांश ठरतं. ०.३४ आणि ०.३३३ यांत शतांशाहून कमी फरक आहे, काय करणार!

पर्याय देऊन मोकळे व्हा, असाही सल्ला आपल्याला कोणी देईल. टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ चाललं होतं, तेव्हा २०२० च्या नोव्हेंबरात राज्यानं व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ सुरू केला. त्यात पर्यायी प्रश्नच होते, आणि त्या दिवसांत घरोघरी जे पोचलं ते मोलाचं होतं. पण संक्षिप्त रूपाच्या प्रश्नाला चार पर्याय दिले की पोरगं भागाकार करत नाही, चारांतला सर्वांत लहान आकड्यांचा निवडतं. तेव्हा रिकामी चौकट हवीच. आपली चौकट ठेवण्याची कल्पना चांगली होती. चौकटीमागे कोणाला बसवलं, तिथे घोळ झाला.

आणि हे कोडं आपल्याआधी कोणाला पडलं नव्हतं, असंही नाही. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातल्या मायकेल गेज आणि आर्नल्ड पायझर या गणितज्ञांनी १९९० च्या दशकात ‘वेबवर्क’ काढलं. इंग्लंडात बर्मिंगहॅमला ख्रिस सँगविन यांनी २००४ च्या सुमारास ‘स्टॅक’वर काम सुरू केलं. दोन्ही फुकट मिळतात आणि आतला कोड उघडा आहे. वेबवर्कमध्ये विद्यार्थ्यानं अपूर्णांक संक्षिप्त केलाच पाहिजे का, हे शिक्षकाला ठरवून सांगता येतं. स्टॅकची गंमत आणखी आहे. त्याच्या मागे ‘मॅक्सिमा’ नावाची बीजगणित करणारी प्रणाली आहे आणि ती इतकी उत्साही की १२/१८ वाचताक्षणी आपणहून २/३ करून टाकते. मग पोरानं काय लिहिलं होतं, ते कळायचं कसं? म्हणून तिला आधी बजावावं लागतं की बाई, हात लावू नकोस, जसं आलं तसं दाखव. तिथे ‘किंमत सारखी आहे का’ ही कसोटी वेगळी आणि ‘अतिसंक्षिप्त आहे का’ ही वेगळी. हे दोन प्रश्न निराळे आहेत एवढं त्यांनी मान्य केलं, बाकी पुढचं सगळं त्यातून निघालं.

एवढं मोठं काही बसवायचं नसेल तर आपल्या आहे त्या तपासनिसाला चार गोष्टी शिकवा. आलेलं उत्तर हातात घेतल्यावर आधी आकडे एका लिपीत आणावेत, ते अर्ध्याचं जोडचिन्ह मोडून त्याचा एक छेद दोन करावा, वजा चिन्हं सारखी करावीत. मोकळी जागा पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्या मधे असेल तर ती अर्थाची आहे, तिला हात लावू नये. बाकीच्या खुशाल गिळाव्यात. मग अंश आणि छेद वेगळे काढून पूर्णांक म्हणून वाचावेत. छेद शून्य असेल तर ‘चूक’ म्हणू नये, ‘छेदात शून्य चालत नाही’ असं सांगावं. मग किंमत पाहावी, तीही दशांश न करता तिरक्या गुणाकारानं: ३ गुणिले २ सहा, ६ गुणिले १ सहा, जुळलं. मोबाइलमधला संगणक एवढ्या लहान पूर्णांकांच्या गुणाकारात चुकत नाही. दशांशांत मात्र त्याला ०.१ आणि ०.२ यांची बेरीजसुद्धा नेमकी ०.३ मिळत नाही.

किंमत जुळली की मगच रूपाकडे वळावं. मसावि काढायला युक्लिडची रीत आहे, इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमाराची, आपल्या यंत्रावर डोळ्याचं पातं लवायच्या आत होईल. ८४/१२६ घ्या. १२६ ला ८४ नं भागा, बाकी ४२. ८४ ला ४२ नं भागा, बाकी शून्य. मसावि ४२, म्हणजे अजून भाग जातो, उत्तर २/३ व्हायला हवं होतं. मसावि एक आला तर रूप अतिसंक्षिप्त. ऋण उत्तर असेल तर वजा अंशाकडे घ्यावं, छेदात नको. आणि यंत्रानं बनवलेल्या उत्तरसूचीलाही हाच भागाकार लावावा; ती काही आपली भाची नाही.

यातून तीन निकाल निघतात. किंमत चुकली. किंमत बरोबर, रूप अतिसंक्षिप्त. आणि मधला, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण: किंमत बरोबर, अजून भाग जातो. या मधल्यावर प्रश्नात काय मागितलं होतं ते पाहून वागावं. नुसतं उत्तर मागितलं असेल तर पूर्ण गुण. अतिसंक्षिप्त मागितलं असेल तर ‘उत्तर बरोबर आहे, आता संक्षिप्त रूप लिही’ म्हणून चौकट पुन्हा उघडावी, गुण न कापता. पोरगं तिथल्या तिथे तिनानं भागेल. मला अहवालात तीन रंग दिसतील आणि उद्या कोणाला बेरीज शिकवायची आणि कोणाला मसावि, हे फळ्यापाशी जायच्या आधी कळेल.

आमच्या जिल्ह्यात खरा ग्रेडर कापसाच्या खरेदी केंद्रावर असतो. त्याच्यावर लोक चिडतात, नाही असं नाही. पण सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, तो माणूस ओलावा मोजतो, आकडा सांगतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, आठाच्या वर बारापर्यंत त्या प्रमाणात कपात, बाराच्या वर परत. नऊ टक्के ओलाव्याच्या गाडीला ‘हा कापूसच नाही’ असं तो म्हणत नाही. शेतकरी भांडतो तेही त्या आकड्यावर भांडतो, कारण आकडा त्याच्यासमोर असतो. आपल्या फुलीशी कोणी भांडायचं कसं? ती तर काही बोलतच नाही.

तर विनंती एवढीच. प्रश्नाखाली काय हवं ते एका ओळीत लिहावं. तपासनिसाला वरच्या चार गोष्टी शिकवाव्यात. १०/२४ ला ‘योग्य उत्तर’ म्हणून मिरवू नये. आणि ज्यांनी ३/६ लिहून शून्य घेतलं, ज्यांनी ५/१२ लिहून शून्य घेतलं आणि जी देवनागरी आकड्यांपायी गेली, त्यांचे गुण परत द्यावेत. २/९ वाल्याचं राहू द्या, त्याच्याकडे मी पाहतो. जिनं १२/१८ परत केलं तिची हिरवी खूणही काढू नये, आपल्याला तिच्याकडून बरंच शिकायचं आहे. सगळ्यांच्या उत्तरांची फाइल सोबत जोडली आहे. फक्त ती एक्सेलमध्ये उघडू नका.

कळावे, लोभ असावा ही विनंती. अर्धा चालेल, ३/६ ही चालेल.

आपला,
सहावीचा गणित शिक्षक,
जि. यवतमाळ